न पडलेली पाकळी

वर्तमानपत्राच्या बातमीदाराने देवाविषयी काय लिहावे, हा प्रश्न मुंबईच्या कचेरीत असताना मला कोणी विचारला नव्हता. महाडला आल्यावर तो पहिल्याच पावसाळ्यात पुढे आला आणि काम सोडेपर्यंत पुढेच राहिला. या अंकाच्या संपादकांनी बातमीदारीतले अनुभव मागितले आहेत. सावित्रीचे पूर, कशेडी घाटात खचलेला रस्ता, दासगावच्या धक्क्याला उशिरा लागलेल्या आगबोटी, यांच्या बातम्या त्या त्या वेळी छापून आल्या आणि त्यांत आज भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. महाडच्या तळ्यावर जे घडले ते ज्यांनी घडवले आणि सोसले त्यांनी सांगावे. त्यात बातमीदाराने स्वतःला घुसडू नये. मी येथे सांगतो ती हकीकत एका म्हशीची आहे. संपादकांना म्हैस चालेल, असे गृहीत धरतो.

प्रथम धंद्याविषयी थोडे. तालुक्याच्या गावचा बातमीदार म्हणजे कोणाचा पूर्ण नोकर नव्हे. जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाला मी दर आठवड्याला बातमीपत्र पाठवी आणि मुंबईच्या एका दैनिकाला प्रसंग पडेल तशी बातमी. सकाळी मामलेदार कचेरी, दुपारी मुनसफ कोर्ट, संध्याकाळी बाजारपेठ, असा फेरा असे. मुंबईत आम्हाला शिकवले होते की बातमी चालत येत नाही, तिच्यामागे जावे लागते. महाडात ती चालत येई, ओसरीवर बसे आणि चहा झाल्याशिवाय उठत नसे.

मुंबईला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उपसंपादक तोंडाने कमी बोलत, तांबड्या पेन्सिलीने जास्त. त्यांचा एक नियम मी पुढे आयुष्यभर पाळला. डोळ्यांना काय दिसले ते एका वाक्यात लिहायचे. त्याचा अर्थ कोणी काय सांगितला ते दुसऱ्या वाक्यात, सांगणाऱ्याच्या नावासकट. बातमीदाराला स्वतःला काय वाटले ते त्याने घरी सांगायचे.

हा नियम आगीच्या, अपघाताच्या, सभेच्या बातमीला सहज लागू पडतो. देवाच्या बातमीला तो लावू लागलो तेव्हा कोणीच खूष होईना. दासगावच्या बाजूच्या एका गावी देवीच्या मूर्तीला घाम फुटला, अशी खबर आली. मी गेलो. काळ्या पाषाणाची मूर्ती ओली होती. गावात रोग येणार, असे काहींनी सांगितले. देवी पाऊस आणायला गेली होती आणि दमून आली, असे दुसऱ्यांनी सांगितले. दमट हवेत थंड दगड पाझरल्यासारखा दिसतोच, असे शाळेच्या मास्तरांनी सांगितले. मी हे सारे ओळीने लिहिले. अंक आल्यावर पेठेतले एक दुकानदार ओसरीवर येऊन बसले.

"तात्या, मूर्ती ओली होती, हे काय लिहिणं झालं?" ते म्हणाले. "ओली तर तुमची ही ओसरीसुद्धा आहे."

"ओसरीबद्दल कोणी काही सांगितलं नाही," मी म्हणालो.

"अहो, घाम म्हणायला काय हरकत होती?"

"घाम म्हटलं की घाम कोणाला आला, ते लिहावं लागतं."

ते चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर आले. रोगाची आणि पावसाची भाकड वाक्ये छापलीच कशाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनीही चहा घेतला.

आता म्हशीकडे येतो.

पोलादपूरच्या पुढे कापडे लागते. कापड्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तेथे सखाराम नावाचा शेतकरी राही. काही वर्षे त्याने मुंबईच्या गोदीत काढली होती आणि थोरला भाऊ वारल्यावर भातशेती सांभाळायला तो परत आला होता. त्याच डोंगराच्या माथ्यावर धनगरवाडा आहे. तेथली ठकूबाई नवऱ्याच्या मागे म्हशी पाळून, तूप कढवून ते पोलादपूरच्या बाजारात विकत असे. एका पावसाळ्यात सखारामची म्हैस रानात गेली ती परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ठकूबाईच्या कळपात त्याला एक म्हैस दिसली, पायाशी पारडी घेऊन चरणारी. पारडी म्हणजे म्हशीचे मादी पिल्लू. ही म्हैस माझीच, असा त्याने महाडच्या कोर्टात दावा लावला. ठकूबाईचे म्हणणे, म्हैस तिच्या गोठ्यात जन्मलेली आहे.

त्या भागात सर्वांची गुरे एकाच रानात चरतात. म्हणून प्रत्येक घर आपल्या गुराच्या कानाला ठरलेली कातर मारते. सखारामच्या घरची कातर उजव्या कानाच्या टोकाला असे. ठकूबाईच्या घरची उजव्याच कानाच्या खालच्या कडेला. वादातल्या म्हशीचा उजवा कान बिबट्याने ओढला होता. टोक गेले होते आणि खालची कडही गेली होती. म्हैस कोर्टाच्या आवारात आणून बांधली गेली. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांनी उरलेला अर्धा कान पाहिला आणि नसलेल्या अर्ध्यावर कोणती खूण होती ते शपथेवर सांगितले.

ठकूबाईच्या बाकीच्या म्हशी आटल्या होत्या. दुभती ही एकच. ती गेली तर पावसाळा कशावर काढायचा, असे तिने मुनसफांना विचारले. हा प्रश्न या दाव्यात येत नाही, असे त्यांनी उत्तर दिले आणि कायद्याने ते बरोबर होते. तिचे साक्षीदार तिच्याच भावकीतले होते. सखारामच्या बाजूने वाडीतले दोन शेजारी होते. दावा कोणीकडे झुकतो आहे ते कोर्टात बसणाऱ्या कोणालाही कळत होते.

अशा वेळी सखारामने आपल्या वकिलामार्फत एक मागणी केली. ठकूबाईने वाडीच्या देवीसमोर बेलभंडारा उचलून म्हैस आपली असल्याचे सांगावे. सांगितले तर तो म्हैस सोडील. बेलभंडारा म्हणजे बेलाचे पान आणि हळद. ती हातात घेऊन बोललेले खोटे घरादाराला भोवते, असा समज आहे. कायद्यात अशा शपथेची तरतूद होती. एका पक्षाने मागितली आणि दुसऱ्याने घेतली, तर तेवढ्यावर ती गोष्ट सिद्ध झाली असे कोर्ट धरी. देवळात घ्यायची असेल तर शपथ घेववायला कोर्ट एक कमिशनर नेमी. ठकूबाईने विचार करून मान्य केले. सखारामने असे का केले, हे मी त्याच्या वकिलाला विचारले. दावा जिंकत आला असताना माणूस असे करीत नाही.

वकील म्हणाले, "त्याला निकाल नको आहे, खात्री हवी आहे. त्याचं काम माझ्याकडे नाही, देवीकडे आहे."

कमिशनर म्हणून दामले नावाच्या तरुण वकिलाची नेमणूक झाली. त्याचे वडील महाडातले शास्त्री. मुलाने कायदा शिकण्यापूर्वी त्याला त्यांनी घरीच न्यायशास्त्र, म्हणजे जुने तर्कशास्त्र, शिकवले होते. पोलादपूरपर्यंत आम्ही मोटारीने गेलो, पुढे कापड्यापर्यंत बैलगाडीने आणि तेथून पायी. चढणीवर दामल्याला बोलण्याचा उत्साह होता, मला दम नव्हता.

समोरच्या डोंगरावर कोणी शेत भाजीत होते. दामल्याने तिकडे बोट केले.

"तो धूर पाहा, तात्या. धूर आहे म्हणून अग्नी आहे. यात कोणाची संमती लागत नाही. मी मानलं नाही तरी अग्नी आहेच. ही एक प्रकारची खूण."

"आणि दुसरा प्रकार?"

"शब्द. म्हैस म्हटलं की आपल्याला म्हैस कळते. पण त्या अक्षरांत म्हैस कुठं आहे? ती ठरलेली गोष्ट. तो संकेत. आता वडील सांगतात की जुने नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, म्हणायचे, या शब्दानं हा अर्थ कळावा, अशी ईश्वराची इच्छा आहे, म्हणून अर्थ कळतो. नवे म्हणतात, ईश्वरच कशाला, कोणाचीही इच्छा चालेल. बारशाला मुलाचं नाव आपणच ठेवतो की."

"तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"मी आज कोर्टाच्या बाजूचा. बाई बोलेल ते शब्द, मी लिहीन ते शब्द. ईश्वराला या कामात हजर राहण्याचं समन्स नाही."

देऊळ देवराईत होते. देवीच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले ते रान. सारी वाडी जमली होती. धनगरवाड्यातले लोक वेगळे, एका बाजूला बसले होते. ठकूबाई खांबाशी उभी होती. म्हैस आणि पारडी बाहेर ऐनाच्या झाडाला बांधल्या होत्या. देवीसमोर दाव्यातली वस्तू हवीच, असे गावाचे म्हणणे पडले होते.

कोर्टाच्या हुकुमात नसलेली एक गोष्ट तेथे पोचल्यावर कळली. वाडीच्या रीतीप्रमाणे बेलभंडारा उचलण्याआधी देवीची परवानगी घ्यावी लागते. ती कौल लावून घेतात. विठू गुरव हा म्हातारा पिढीजात पुजारी होता. त्याने जास्वंदीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना एक एक चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणे घातले.

"बाय गो माजे, ही ठकूबाय तुज्या पायाशी आली हाय. ही बेलभंडार उचलते. तुजी राजी आसंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे. लेकरांचा सांबाळ कर."

सर्वजण पाकळ्यांकडे पाहत राहिले. पाकळी पडली नाही. उजवीही नाही आणि डावीही नाही.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणे घातले. दामल्याने घड्याळ काढले आणि परत ठेवले. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकून बाहेर गेले. लोक आधी गप्प होते, मग कुजबुजू लागले, मग उघड बोलू लागले.

"पाणी जास्ती झाला काय रे विठू?" एकाने विचारले.

"तुज्या बापाच्या येळेपासून येवढाच लावतो," गुरव म्हणाला.

सखाराम पुढे झाला. "साहेब, लिवून टाका. कौल नाय. गोदीत भोंगा नाय वाजला तर फाटकातून कोण आत जातो काय? नाय म्हंजे नाय. एकदम फायनल."

"नाय म्हंजे डावी," गुरव म्हणाला. "डावी कुटं पडली?"

"मग हा काय हाय?"

"हा गप ऱ्हाणा हाय."

"गप ऱ्हाणा म्हंजे काय, हो का नाय?"

"गप म्हंजे गप. तुजी बायको गप आसते तवा तुला काय कळतो?"

"तवाच तर सगला कळतो," मागून एक म्हातारी बोलली आणि देवळात हसू फुटले. सखारामही हसला. ठकूबाई हसली नाही.

दामले तिच्याजवळ गेला. "बाई, कायद्याला पाकळी लागत नाही. तुम्ही बेलभंडारा उचला, म्हैस माझी म्हणा. मी लिहून घेतो. म्हैस तुमची झाली."

"आन् देवीच्या मनात नसंल तर?"

"ती नको कुठं म्हणाली आहे?"

"हो तरी कुटं म्हणलीय?"

दामले म्हणाला, "तुम्ही उचलला नाही तर मला लिहावं लागेल की शपथ घेतली नाही. दावा पुन्हा साक्षींवर जाईल. साक्षी कशा झाल्या ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठावं हाय. साहेब, तुज्या कोर्टाला एक म्हस दिसते. माजा सारा कळप हिच्या रानात चरतो." तिने मान देवीकडे केली. "इचारल्याबिगर मी हात लावनार नाय. म्हस गेली तर जाऊ दे."

हे ती मोठ्याने बोलली नाही. पण बोलताना तिचा हात पदराआड घट्ट मिटलेला होता आणि ऐनाखालची पारडी दूध पिताना मारीत असलेल्या ढुशांचा आवाज आत येत होता.

तेथे बसून मी जे टिपले त्यावरून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. देवी आहे की नाही, यावर त्या देवळात कोणाचे भांडण नव्हते. दामल्याचेही नव्हते, तो रोज संध्या करी. भांडण होते ते गप्प राहण्याला अर्थ असतो काय आणि असला तर तो कोणाला लागू होतो, यावर. धूर नसला तर अग्नी नाही, असे म्हणता येत नाही, इतके न्यायशास्त्र मलाही ठाऊक होते. पण सखाराम तेच म्हणत होता, गुरव ते नाकारीत होता आणि मधल्या मध्ये एका बाईची दुभती म्हैस जात होती.

दामल्याने मग कागद काढला. काम अपुरे राहिल्याचा अहवाल लिहिण्याआधी कोर्टाचा हुकूम दोन्ही पक्षांना वाचून दाखवावा, म्हणजे कोणी पुढे तक्रार करणार नाही, असा त्याचा विचार. तो मोठ्याने वाचू लागला. वादी सखाराम याने केलेल्या मागणीवरून प्रतिवादी ठकूबाई हिने देवीसमोर शपथ घ्यावी, असे सुरुवातीलाच होते.

"थांबा साहेब," विठू गुरव म्हणाला. "कोणाच्या मागणीवरनं?"

"सखारामच्या."

"म्हंजे शपत, ही आन, हा मागतो?"

"हो. बाईनं ती घ्यायची."

गुरव देवीकडे वळला, पुन्हा दामल्याकडे वळला. "मग मी हिच्या नावानं गाऱ्हाणा कशाला घातला?"

बाहेरच्यांना यातली चूक ध्यानात यायची नाही, म्हणून सांगतो. त्या वाड्यांमध्ये बेलभंडारा उचलणारा माणूस आपण होऊन येतो. गावाने संशय घेतला की तो उठतो, देवळात जातो आणि उचलतो. उचलणारा तोच आणि विचारणारा तोच. एकाने कागदावर शपथ मागायची आणि दुसऱ्याने ती घ्यायची, ही कोर्टाची रीत. गुरवाच्या बापाच्या वेळेपासून असा प्रसंग त्या देवळात आला नव्हता. गुरवाने नेहमीप्रमाणे उचलणाऱ्याच्या नावाने कौल लावला.

"हिनं काय इचारलाच नाय," गुरव म्हणाला. "इचारतो हा. मग हिला काय सांगंल ती?"

"माजा कौल कशाला?" सखाराम म्हणाला. "मी थोडाच उचलनार हाय?"

मघाची म्हातारी पुन्हा बोलली. "मागताना बरा मागितलास रे सखाराम. आता इचाराला काय झाला?"

या वेळी कोणी हसले नाही. सखारामने डोक्याचे मुंडासे सोडले, हात पुसले आणि तो गाभाऱ्यासमोर येऊन बसला. गुरवाने खांद्यांवरच्या पाकळ्या काढल्या आणि तबकातल्या दुसऱ्या भिजवून लावल्या.

"बाय गो माजे, आमची चूक झाली, पोटात घाल. हा सखाराम इचारतो. ठकूबायकडनं आन मागू का नको मागू. मागू तर उजवी दे. नको तर डावी दे."

डावी पडली. गुरवाचे शेवटचे वाक्य पुरते संपलेही नव्हते.

बातमीदार म्हणून एक नोंद येथे केली पाहिजे. पहिल्या पाकळ्या सकाळी खुडलेल्या, ताज्या होत्या. दुसऱ्या पाकळ्या तबकात उन्हात राहून मलूल झाल्या होत्या आणि मलूल पाकळी ओलाव्याला नीट धरत नाही. दामल्यानेही ते पाहिले होते. मी त्याच्याकडे पाहिले.

"धूर की संकेत?" मी हळूच विचारले.

"कमिशनरला मत नसतं," तो म्हणाला.

सखारामने मुंडासे पुन्हा बांधले. मग उठून म्हणाला, "मागत नाय मी. लिवा साहेब."

"विचार करून सांग. शपथेची मागणी तू मागं घेतलीस, असं लिहीन. तुझा दावा त्यानं बुडत नाही."

"दावा पन नको. तिला जर माजा मागनाच नको तर मी म्हस कोनत्या तोंडानं मागू?"

"मग सही कर."

"देवीसमोर बोललो की. सही कशाला?"

"कोर्टाला देवी दिसत नाही, सखाराम. सही दिसते."

सखारामने सही केली. गोदीत असताना तो ती शिकला होता आणि वेळ लावून, ठळक करीत असे. ठकूबाईची मूठ तेव्हा सुटली. ती देवीच्या पाया पडली, बाहेर गेली आणि म्हशीचे दावे सोडू लागली. सखाराम पायरीवर उभा होता. ती त्याच्याकडे न पाहता बोलली.

"पारडी ने."

"आं?"

"दूध सुटली की ने. दसऱ्याच्या सुमाराला ये."

"कशापायी गो?"

"तुजा गोठा रिकामा हाय."

एवढे बोलून ती म्हशीला हाकीत वरच्या वाटेला लागली. देवळात पुन्हा गलका झाला. म्हैस सखारामचीच होती आणि तिने असे कबूल केले, असे काही म्हणाले. म्हैस तिचीच होती आणि जिंकल्यावर तिने मन मोठे केले, असे दुसरे म्हणाले. मी चढून तिला गाठले. विचारणे माझे काम होते.

"ठकूबाई, पारडी का दिलीत?"

"सांगितला की तवा. गोठा रिकामा हाय त्याचा."

"लोक निरनिराळा अर्थ काढतात."

"काढू द्या. त्यांना काय दुसरा काम हाय?"

मी खाली परत आलो तेव्हा गुरवाने दामल्याला बिनदुधाचा चहा दिला होता. मला पेला देताना तो आपण होऊन म्हणाला, "साहेब मघापास्नं इचारतात, देवीला बोलाला पाकळी कशाला लागते. तिला काय लागत नाय. आपल्याला ऐकाला लागते." दामल्याने चहा पीत मान हलवली. हे जुन्या नैयायिकांच्या बाजूचे की नव्यांच्या, असे मी त्याला उतरताना विचारले. वडिलांना विचारून सांगतो, म्हणाला. पुढे बऱ्याच दिवसांनी पेठेत भेटला तेव्हा त्याने निरोप दिला, "वडील म्हणाले, तो गुरव नैयायिक नव्हे, पण त्याच्याशी वाद घालायला आवडला असता."

मी बातमी लिहिली ती अशी. ठकूबाईच्या नावाने कौल लावला असता कोणतीही पाकळी पडली नाही. सखारामच्या नावाने लावला असता डावी पडली. देवीने शपथ मागण्यास मनाई केली, असा गुरवाने त्याचा अर्थ सांगितला. सखारामने मागणी व दावा मागे घेतला. ठकूबाईने त्याला पारडी देऊ केली. पाच वाक्ये होती. त्यांत मला आजही काही खोडावेसे वाटत नाही.

साप्ताहिकाने वर देवीच्या साक्षात्काराचा मथळा घातला आणि पहिले वाक्य काढून टाकले. मुंबईच्या दैनिकाने पहिली तिन्ही वाक्ये काढून टाकली. दावा मागे घेतला, एवढे छापले; पारडी जागेअभावी गळाली. मी दोन्ही संपादकांना विचारले. दोघांचे उत्तर जवळजवळ एकच आले. काही घडले नाही, ही बातमी होत नाही.

साप्ताहिकाचा अंक मी वाडीवर नेला आणि विठू गुरवाला वाचून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "पन मोठी गोष्ट ऱ्हायली."

"कोणती?"

"पयल्यांदा ती गप ऱ्हायली ती. तवा उजवी पडली आसती तर ही बेलभंडार उचलून मोकली झाली आसती, डावी पडली आसती तर म्हस गेली आसती. ती गप ऱ्हायली म्हून आमी इचार केला."

ते वाक्य मी लिहिले होते आणि छापले गेले नव्हते, हे मी त्याला सांगितले नाही. त्याला त्यात काही विशेष वाटले नसते. मला मात्र अधूनमधून वाटते. या धंद्यात आम्ही पडलेल्या पाकळ्यांचीच नोंद ठेवतो. न पडलेल्यांसाठी रकाना नाही. तरी एकंदरीत पाहता काम चांगले होते, माणसे चांगली भेटली आणि चहा पुष्कळ झाला.

त्यानंतर काही वर्षांनी पोलादपूरहून कापड्याकडे मोटारीने जात होतो. एका वळणावर म्हशींचा कळप रस्त्यात आला आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली. म्हशी सावकाश पुढून जात होत्या. सवयीने मी कान पाहत होतो. कोणाची कातर टोकाला, कोणाची कडेला, कोणाला दुहेरी चीर. एक तरणी, काळीभोर म्हैस गेली तिचे दोन्ही कान अखंड होते.

"हिला खूण नाही?" मी ड्रायव्हरला विचारले.

तो त्याच भागातला होता. "हीच खूण, तात्या. साऱ्या पट्टीत बिनकातरीची ही एकच. कुटं पन चुकली तरी लोक ओळखून आणून सोडतात."

"सोडतात कोणाकडे?"

"तोच तर घोळ हाय." त्याने गाडी चालू केली. "खाली सखारामाकडं नेली तर म्हंतो, ठकूबायची हाय, वर सोड. वर नेली तर ठकूबाय म्हंते, सखारामाची हाय, खाली ने."